मंठ्यापर्यंत

बी. एन. खरात नावाच्या साहेबाला उतरवून घ्यायला रखमाजी जालन्याच्या स्टेशनवर गेला, तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. साल अठ्ठ्याऐंशी, नोव्हेंबर महिना. परभणीकडून येणारी लहान रुळाची गाडी रोजच्यासारखी उशिरा आली, चाळीस-पन्नास माणसं फलाटावर उतरली आणि पाच मिनिटांत पांगली. रखमाजी तिकीट खिडकीजवळच्या खांबाला टेकून उभा होता. साहेब म्हणजे शर्ट खोचलेला, हातात बॅग असलेला बाप्या माणूस असणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं. तसा कुणी त्याला दिसला नाही. लोखंडी पेटीवर बसलेली एक बाई तेवढी मागं राहिली होती. ती उठली आणि सरळ त्याच्याकडं चालत आली.

"तुम्ही कंपनीचे ड्रायव्हर ना?"

"व्हय."

"मी खरात."

रखमाजी गडबडला. "हापिसातून साहेब म्हनून सांगितल्तं."

"कागदावर नुसती अक्षरं असली की तसंच वाटतं लोकांना. बेबीनंदा नाव आहे माझं." तिनं पेटीची एक कडी धरली आणि दुसरी त्यानं धरायची वाट बघितली. "तुमच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलंय, ते मला तिथून वाचता आलं. मी दोनदा हात केला तुम्हाला."

"ध्यान नव्हतं म्याडम," रखमाजी म्हणाला आणि पेटी उचलली.

बाई तिशी ओलांडलेल्या, काटक अंगाच्या होत्या. साडीखाली त्यांनी कापडी बूट घातले होते. परभणीला त्या बियाण्यांच्या संशोधनात होत्या. भामरागडच्या जंगलातले लोक अजून जुना भात, जुनी ज्वारी, कोदो-कुटकी पेरतात. ते बी मूठ-मूठ गोळा करून आणायचं, असं त्यांचं काम होतं. चाळीस दिवसांचा दौरा. जालन्याच्या बियाणे कंपनीला त्या बियांमध्ये रस होता, म्हणून जीप आणि ड्रायव्हर कंपनीनं द्यायचा असं ठरलं होतं.

ड्रायव्हर कोण जाणार, असं गाड्यांचा हिशेब बघणाऱ्या काकासाहेबांनी विचारलं तेव्हा बाकीच्यांनी खाली बघितलं. तिकडं हिवताप आहे, रस्ते नाहीत, जंगलात बंदूकवाले फिरतात, असं जो तो ऐकून होता. रखमाजीनं मात्र लगेच हात वर केला. त्याचं वय बावन्न. एकवीस वर्षं तो कंपनीची गाडी चालवत होता, आणि एकवीस वर्षांत त्याचे रस्ते तेच होते. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी, भोकरदन. बी पोचवायचं, रिकामी पोती आणायची. दोनदा हैदराबाद झालं होतं, एकदा नागपूर. पुढं काय आहे ते ठाऊक नाही अशा रस्त्यानं एकदा तरी गाडी न्यावी, असं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरनं असलं काही बोलावं तरी कुणाजवळ?

जीप त्या दिवशी दुपारी निघायची होती. पण स्टेशनवरून टांग्यानं ते अंबड चौफुलीजवळच्या याकूबभाईच्या गॅरेजवर गेले, तेव्हा जीप विटांवर उभी होती आणि तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे काढून खाली ठेवलेले होते.

"औरंगाबादसे माल नै आया," याकूबभाई हात पुसत म्हणाला. "शाम को आएगा. कल सुबू ले जाव. जंगल में पाटा टूटा तो कौन आएगा तुम्हारे वास्ते?"

रखमाजीला वाटलं, बाई आता चिडणार. बाईंनी जीपखाली वाकून बघितलं, जुना पाटा कुठं तडकला आहे ते विचारलं, आणि पेटी गॅरेजमध्येच ठेवायला सांगितली.

"म्हणजे आख्खा दिवस आहे," त्या म्हणाल्या. "मग गाव दाखवा. पायी."

"जालन्यात काय हाय म्याडम बघन्यासारखं? मोंढा हाय, लोखंडाचे कारखाने हायेत."

"बघण्यासारखं काय ते मी ठरवते. तुम्ही बरोबर चला म्हणजे झालं. मला कापडाच्या चारशे थैल्या शिवून घ्यायच्यात, त्याचं आधी बघू."

थैल्यांचं काम सदर बाजारात झालं. तिथला एक शिंपी रखमाजीच्या ओळखीचा होता. वीतभर मांजरपाटाची थैली, तोंडाला नाडी, चारशे नग संध्याकाळपर्यंत, हे ऐकून शिंप्यानं आधी नाही म्हटलं. मग शेजारच्या दोघांना हाक मारली आणि तिघांनी कापड वाटून घेतलं. तेवढं मार्गी लागलं आणि ते दोघं चालायला मोकळे झाले.

गाव दाखवायचं कसं, हे रखमाजीला आधी कळेना. मग त्याला ते जमायला लागलं. कुठल्या गल्लीत विड्या वळतात, कुठल्या बोळातून गेलं की फुलबाजार लवकर लागतो, कुठल्या चौकात निजामाच्या वेळी पोलिसांची चौकी होती, ते तो सांगत गेला. तो चालायचाही झपझप, मान खाली न घालता. पाय आपोआप पडत होते. बाई अधूनमधून एखादा प्रश्न विचारायच्या आणि वहीत दोन शब्द टिपायच्या.

"कोपऱ्यावर ते कसलं दुकान?"

"ते व्हय? खिळे-मोळे, साखळदंड. जुनं दुकान हाय, आमच्या गाड्यांच्या साखळ्या हितूनच."

बाईंनी तिकडं बघितलं, मग रखमाजीकडं बघितलं. "फोटो स्टुडिओची पाटी आहे त्याच्यावर."

रखमाजी थांबला नाही. "मंग बदललं असंल. चार-सहा म्हयन्यात आलो न्हाई या अंगाला."

थोडं पुढं गेल्यावर डाव्या बाजूच्या बोळातून एक सायकलवाला दुधाच्या किटल्या घेऊन बाहेर आला. रखमाजी सरळ त्याच्या अंगावर गेला. सायकल वाकडी झाली, थोडं दूध सांडलं, आणि सायकलवाला त्याच्या आई-बापांचा उद्धार करत निघून गेला. "पोरं कशी बी चालवतेत," असं म्हणून रखमाजीनं धोतर झटकलं. त्यानंतर बाई त्याच्या उजव्या हाताला चालत होत्या त्या डाव्या हाताला आल्या. हे त्याच्या ध्यानात यायला दुपार व्हावी लागली.

मोंढ्यात मात्र तो खुलला. दिवाळी होऊन गेली होती आणि कापूस, मूग, बाजरी यांच्या गाड्या लागल्या होत्या. बाई ढिगाढिगाशी थांबून धान्य ओंजळीत घेत होत्या. एका व्यापाऱ्याकडं मागल्या वर्षीच्या ज्वारीचे दोन ढीग होते. बाईंनी विचारलं, दोन्ही एकच का? व्यापारी म्हणाला, एकच. रखमाजीनं दोन्हीतले चार-चार दाणे उचलले, बोटांत चोळले, एक दाणा दाताखाली धरला.

"एक न्हाई. ह्यो दगडीचा दाना हाय, त्यो मालदांडी. ह्यात मिसळ हाय."

व्यापारी हसला आणि त्यानं मान्य केलं. बाईंना बरं वाटलेलं दिसलं. "भामरागडला तुमचा उपयोग होईल," त्या म्हणाल्या. रखमाजीला उभारी आली. पण त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की शेवटी दाणा बघताना त्यानं तो उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ, वीतभरावर नेला होता, आणि बाईंनी ते नीट बघितलं होतं.

जेवण त्यांनी मामा चौकाजवळच्या एका खाणावळीत केलं. मग कादराबादेतून, कुंडलिकेच्या पुलावरून, गावाला वळसा घालत ते दुपारी चारच्या सुमारास मोती तलावावर आले. पाऊस चांगला झाला होता, तलाव काठोकाठ होता. बाई एका दगडावर बसल्या. त्यांनी बूट काढले आणि पाय मोकळे केले. रखमाजी थोडा बाजूला उकिडवा बसला. पाण्यावर ऊन चमकत होतं आणि ते त्याच्या डोळ्यांना खुपत होतं.

"पलीकडच्या काठाला ते पांढरे पक्षी बसलेत," बाई म्हणाल्या. "किती असतील हो?"

रखमाजीनं कपाळावर हात धरला. "असतील की धा-बारा. बगळे हायेत म्याडम. रोजच असतेत हितं."

बाईंनी बूट पुन्हा पायांत घातले. नाड्या सावकाश बांधल्या.

"पलीकडं पक्षी नाहीत, रखमाजी. एक म्हैस आहे. काळी."

तलावावर धुणं धुणाऱ्या दोन बायका आपसात बोलत होत्या. त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. रखमाजीनं कपाळावरचा हात काढला.

"फशिवलं तुमी मला."

"हो."

मग बाईंनी, दवाखान्यात विचारतात तशा आवाजात, एकेक विचारायला सुरुवात केली.

"डावा पूर्ण गेलाय?"

"पुरता न्हाई. उजेड कळतो. कुनी आलं तर सावलीवानी कळतं. ताकातून बघितल्यागत."

"आणि उजवा?"

"उजवा चालून जातो."

"किती दिवस झाले?"

"दीड साल."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला हाय."

कंपनीतलं त्यांनी विचारलं नाही. रखमाजीनं मुठीत माती घेतली आणि सोडली. त्याला राग आला होता. आपण पकडले गेलो याचा होता, की एका दिवसाच्या ओळखीच्या बाईनं पकडलं याचा, हे त्याला सांगता आलं नसतं.

"म्याडम, एक गोष्ट सांगतो. या दीड सालात माझ्या गाडीखाली कोंबडी मेली न्हाई. कंपनीत बिलकुल तक्रार न्हाई माझी. दिवसा, रातीला, पावसात, कवाबी गाडी काढली मी. मंठ्याचा रस्ता म्हनाल तर डोळे झाकून नेतो."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मंठ्याचा रस्ता."

रखमाजीनं हाताची माती धोतराला पुसली.

"मंठ्याच्या पुढं काय कराल? आलापल्लीच्या पुढं पाटी नाही, डांबर नाही. नाला कुठं खचलाय ते दहा पावलांवर गेल्याशिवाय समजत नाही. मी मागल्या वर्षी तिथं गेले होते."

"मंग सांगून टाका काकासाहेबाला. माझ्यापाशी कशाला बोलून राह्यलात?"

"मी सांगितलं तर ती तुमच्याविरुद्धची तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर ते आजारपण होईल. कंपनीत या दोन्हींचे कागद वेगळे असतात." बाई उभ्या राहिल्या. "माझे वडील रेल्वेत होते. केबिनमध्ये, रुळांचे सांधे बदलायला. तिथं ठरावीक वर्षांनी डोळे तपासतात. त्यांना एका तपासणीत बाहेर काढलं आणि मालधक्क्यावर टाकलं. वर्षभर ते घरात कुणाशी बोलले नाहीत."

"मंग?"

"मग बोलायला लागले."

एवढं सांगून त्या चालायला लागल्या. रखमाजीला मागून उठावं लागलं. थोडं पुढं गेल्यावर त्या न थांबताच म्हणाल्या, "सकाळी सहाला जीप निघेल. कोण चालवणार ते तुम्ही ठरवा. तुम्ही बसलात तर मी बसणार नाही. बाकी मी कुणाला काही बोलणार नाही."

परतीच्या वाटेवरही बाई हे काय, ते काय, असं विचारत होत्या आणि रखमाजी सांगत होता. मस्तगडाची चढण, जुनी वेस, लाकडाच्या वखारी. दोघांचं बोलणं सकाळच्यासारखंच चाललं होतं, फक्त आता तो पाट्या वाचल्याचं सोंग करत नव्हता. शिंप्याकडं थैल्या तयार होत्या. तीनशे सत्याऐंशी भरल्या. बाकीच्या तेरा रात्री शिवून देतो म्हणाला, पण बाई म्हणाल्या की तेवढ्या पुरतील. त्यांना विश्रामगृहावर पोचवून रखमाजी गॅरेजवर आला तेव्हा दिवस कलला होता.

पाटे आले होते, बसवूनही झाले होते. याकूबभाईनं जीप खाली उतरवली आणि चावी त्याच्या हातात दिली. "एक चक्कर मारके देखो. आवाज आया तो अब्बीच बोलो."

रखमाजी जीप घेऊन निघाला. रोजचा रस्ता होता. कुठं खड्डा, कुठं गतिरोधक, कुठं वळणावर पानटपरी, सगळं त्याच्या हातांना आणि पायांना ठाऊक होतं. जीप झकास चालत होती. दोन-तीन मैल गेल्यावर त्याला वाटलं, बाईला काय कळतंय? पुस्तक वाचणारी बाई. आपण एकवीस वर्षं काय केलं?

परतताना कारखान्यांच्या बाजूला नव्यानं पाडलेला एक कच्चा रस्ता लागला. मुरूम टाकून महिना झाला असेल. या रस्त्यावर तो कधी गेला नव्हता. त्यानं जीप वळवली. समोरून मावळतीचं ऊन येत होतं. पहिली शंभर पावलं ठीक गेली. मग पुढं काहीतरी गडद आडवं दिसायला लागलं. पाणी असेल, किंवा झाडाची सावली, किंवा ओल्या मुरमाचा पट्टा. त्यानं गिअर बदलला, वेग कमी केला, डोळे बारीक केले. कळेना. सावली म्हणून पुढं जावं, असं त्याच्या मनात आलं, पाय ॲक्सिलेटरवर गेलाही. आणि मग त्यानं ब्रेक दाबला. काही दिसलं म्हणून नाही. हिंमत झाली नाही म्हणून.

खाली उतरून तो पुढं गेला. पाइपलाइनसाठी खणलेला चर होता. पुरुषभर खोल. जीपचं पुढचं चाक त्याच्यापासून दोन हातांवर होतं.

रखमाजी चराच्या काठाशी उभा राहिला. चराच्या कडेकडेनं कारखान्यातून सुटलेले चार-दोन मजूर येत होते. त्यातल्या एकाला त्यानं हाक मारली आणि म्हणाला, "बाबा, जरा मागं बघून सांग. गाडी उलटी घ्यायची हाय."

मजुरानं हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या, डाव्या अंगाला," असं ओरडत जीप मोठ्या रस्त्याला लावून दिली.

तिथून रखमाजी थेट काकासाहेबांच्या घरी गेला. काकासाहेब जेवायला बसण्याच्या तयारीत होते. त्यांनी पाट ओढून दिला, पण रखमाजी बसला नाही. दारात उभं राहूनच त्यानं सांगितलं.

काकासाहेबांनी ऐकून घेतलं. "दीड वर्ष? आणि तू आत्ता सांगतोस?"

"व्हय."

"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मला गाडी चालवता येत व्हती," रखमाजी म्हणाला. ते उत्तर बरोबर नव्हतं, पण काकासाहेबांनी पुढं विचारलं नाही. त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तातेरावाला पाठवतो. तू सकाळी चावी दे त्याला. आणि डोळ्याचं जल्दी बघ. कंपनीचं मी बोलतो."

तातेराव म्हणजे टेम्पोवरचा ड्रायव्हर. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, बडबड्या. रखमाजीला तो कधी आवडला नव्हता, कारण तो क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायचा.

घरी गोजरबाईनं नवऱ्याचं सामान बांधून ठेवलं होतं. चाळीस दिवसांच्या हिशेबानं लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या, दोन घोंगड्या. रखमाजीनं चूळ भरली आणि सांगितलं की आपण जाणार नाही.

गोजरबाई चुलीपाशी बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुनी काढलं तुमाला?"

"कुनी न्हाई. मीच सांगितलं."

"मी दिवाळीच्या आधीपासून सांगून राह्यले होते."

"व्हय. सांगत व्हतीस."

तो मान खाली घालून भाकरी कुस्करत बसला, तिनं त्याच्या ताटात दुसरी टाकली. जेवण झाल्यावर त्यानं चटणीचे डबे एका पिशवीत भरायला सांगितले. "तातेरावाला दे. त्याच्या घरी एवढ्या घाईत कोन करनार?"

सकाळी सहाला बाई गॅरेजवर आल्या तेव्हा तातेराव जीपच्या काचा पुसत होता. बाईंनी त्याचं नाव विचारलं, हिवतापाच्या गोळ्या घेतल्या का ते विचारलं. मग त्यांना रखमाजी दिसला. तो मागच्या बाजूला पाण्याचे कॅन दोरीनं आवळत होता.

"मंठ्यापर्यंत येतो," तो म्हणाला. "गाडीच्या दोन-चार गोष्टी हैत, त्या ह्याला सांगायच्यात."

"या," बाई म्हणाल्या.

रखमाजी मागं थैल्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसला. एकवीस वर्षांत जीपच्या मागच्या बाजूला तो पहिल्यांदा बसत होता. तिथं धूळ जास्त येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. गावाबाहेरची मंठा चौफुली मागं पडली तसा तो पुढं वाकून सांगायला लागला. तिसरा गिअर जरा दाबून टाकायचा, नाहीतर निसटतो. इंजिन तापलं तर एकदम पाणी ओतायचं नाही. चढावर ती रडते, पण थांबत नाही. तातेराव मान हलवत होता. मग रखमाजी रस्ता सांगायला लागला. आता उजवीकडं वळण येईल. आता पूल, पुलाला कठडा नाही. आता बाभळीखाली मोठा खड्डा. सगळं बरोबर येत होतं. तो सांगायचा आणि दहा-वीस पावलांनी ते समोर यायचं.

वाटूरच्या अलीकडं तातेराव म्हणाला, "मामा, दिसून राह्यलंय मला."

तो काही वाईट बोलला नव्हता. रखमाजी मागं सरकून बसला. त्यानंतर तो रस्त्याबद्दल बोलला नाही. दोन्ही बाजूंनी कपाशीची रानं चालली होती. काही ठिकाणी वेचणी चालू होती. त्याला ती पांढुरकी, हलती ठिगळं दिसत होती. बाया किती आणि बोचकी किती, हे वेगळं करता येत नव्हतं.

मंठ्याच्या स्टँडसमोर जीप थांबली. तिघांनी चहा घेतला. तातेराव हवा बघायला गेला. तेव्हा बाईंनी पिशवीतून नकाशा काढला आणि जीपच्या बॉनेटवर पसरला.

"हे बघा. आपण इथं आहोत."

रखमाजीनं नकाशावर तोंड अगदी खाली नेलं, नाक कागदाला टेकेल इतकं. आता लपवायचं काही नव्हतं. मंठ्यावर बोट ठेवून तो हळूहळू पुढं सरकला. जिंतूर, हिंगोली, पुसद, यवतमाळ, चांदा. जाड लाल रेघ बारीक झाली. आलापल्लीच्या पुढं ती तुटक ठिपक्यांची झाली आणि हिरव्या रंगात शिरली.

"हे ठिपके म्हंजे?"

"उन्हाळ्यात गाडी जाते असा रस्ता."

"आन् आता?"

"आता बघायचं."

त्यानं बोट उचललं. बाईंनी नकाशाची घडी केली. "डॉक्टरला दाखवा," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन लगेच करतात. अवघड नसतं."

"दाखवतो."

"मोंढ्यात तुम्ही दाणा ओळखला ना, तो मलाही ओळखू आला नव्हता," बाई म्हणाल्या आणि जीपमध्ये चढल्या.

जीप निघाली. रखमाजी रस्त्याच्या कडेला उभा होता. धूळ उडाल्यावर त्याला गाडी दिसेनाशी झाली, पण ऐकू येत होती. दुसरा, मग तिसरा. तातेरावानं तिसरा दाबून टाकला होता. मग एका ट्रकच्या आवाजात तेही बुडालं.

जालन्याला जाणारी एसटी अर्ध्या तासानं होती. त्यानं तिकीट काढलं, खिडकीजवळ बसला. स्टँडवर उतरला तसा घरी न जाता सरकारी दवाखान्यात गेला. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी बसतात, असं खिडकीतल्या बाईनं सांगितलं. त्या दिवशी शुक्रवार होता. मंगळवारी तो गोजरबाईला घेऊन पुन्हा गेला. डावा डोळा पिकला होता. जानेवारीत एका शिबिरात त्याचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या वर्षी उजव्याचं. जाड भिंगाचा चष्मा आला. माणसं ओळखू यायला लागली, पाट्याही वाचता यायच्या, पण लायसन्सवाल्यांनी गाडीला परवानगी दिली नाही. कंपनीनं त्याला गोदामावर घेतलं. दाणे बघून, चावून, पोती वेगळी करायची, हे काम त्याला चांगलं जमलं. पहिले काही महिने तो तिथं फारसा कुणाशी बोलत नसे.

जीप बेचाळिसाव्या दिवशी परत आली. तिचा एक दिवा फुटला होता आणि मागची फळी निघाली होती. बाई हिंगोलीलाच उतरून परभणीला गेल्या होत्या. त्यांची आणि रखमाजीची पुन्हा भेट झाली नाही.

तातेराव मात्र पुढं कितीतरी दिवस गोदामाच्या ओट्यावर बसून त्या दौऱ्याच्या गोष्टी सांगायचा. रस्त्यात आडवं पडलेलं झाड, तीन दिवस एका वस्तीवर अडकून राहणं, डासांचे डोंगराएवढे थवे. लोक तोंडात बोट घालून ऐकायचे. रखमाजी पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला असायचा. तो इतरांसारखं वाघाबद्दल विचारायचा नाही.

"त्या मोठ्या नाल्यात उतरताना," तो म्हणायचा, "गेर कोनता टाकल्ता?"

तातेरावाला ते आठवायचं नाही. दुसरा असेल, तो म्हणायचा. किंवा पहिला.